एक जुलैचा वर्ग

मी एकदा एका पोरीला साडेचार महिने आधीच जन्माला घातलं. दाई लागली नाही, दवाखाना लागला नाही. निळ्या शाईचा पेन पुरला.

तेव्हा मी पन्नास वर्षांची होते. तुमसरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पन्नाशीतली ती बाई आज माझ्यासमोर आली तर मी तिला आधी अंगठे धरायला लावीन, विचारपूस नंतर. साडीला पिना एवढ्या, की जवळ लोहचुंबक आणलं असतं तर बाई जाऊन चिकटली असती. गळ्यात चष्म्याची साखळी. बोलणं असं, जसं काही शिक्षणखातं हिच्याच सल्ल्यानं चालतं.

जून संपत आला होता आणि पहिलीत पोरं कमी पडत होती. पट घसरला की दोनातली एक शिक्षिका जादा ठरायची आणि तिला उचलून कुठेतरी नेऊन टाकायचे. जादा ठरणार होते मी. आता भंडाऱ्याहून सकाळची एसटी मला थेट शाळेच्या फाटकाशी उतरवायची आणि संध्याकाळची तिथूनच उचलायची. त्या एसटीवर माझा जीव होता. म्हणून मी गावात घरोघर फिरले आणि जे पोर हाताला लागलं त्याचं नाव लिहून घेतलं.

एका घरी एक बाई धानाच्या रोवणीला जायच्या घाईत होती. तिच्या लुगड्याला धरून एक बारकी पोरगी उभी. बाई म्हणाली, हिला पाच व्हायचे आहेत अजून, ही धान कापणीच्या दिवसांतली, कार्तिकातली. तारीख पाहिजे तर दवाखान्यातल्या लशीचं कार्ड आहे म्हणाली, आणि पेटीतून काढून आणलंही. घडी घातलेलं, कोपरे वाळवीनं खाल्लेलं. मी ते न उघडता तिच्या हातात परत दिलं. म्हटलं, राहू दे, मी पाहते. मी काहीच पाहिलं नाही. शाळेत आले, दाखलखारीज रजिस्टर उघडलं आणि पोरगी पाच वर्षांची होईल अशी तारीख टाकली. एक जुलै.

यात नवल काही नव्हतं. ज्या पोराची तारीख घरी ठाऊक नाही त्याला एक जुलै द्यायची, हा रिवाज माझ्या आधीच्या गुरुजींचा आणि त्यांच्याही आधीच्यांचा. माझ्या त्या वर्षीच्या पहिलीतले जवळपास सगळे एकाच दिवशी जन्मले होते. फरक एवढाच, की बाकीच्यांची तारीख खरंच कोणाला ठाऊक नव्हती. या एका पोरीची होती. घडी उघडण्याचेच काय ते कष्ट होते. आईनं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारलं होतं, पुढे काही गडबड तर होणार नाही ना. मी हसले होते. ते हसू मला आजही आठवतं आणि आवडत नाही. एवढ्यानं काय होते, असं मी तिला म्हटलं.

नोकरी त्या शाळेत टिकली ती बरोबर एक वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात माझी पवनीकडे बदली झाली, आणि तिथे एसटी फाटकाशीच काय, गावातही येत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी क्रिकेटमध्ये शिरले. असं म्हटलं की लोकांना वाटतं मी बॅट घेऊन उतरले. मी सकाळी मैदानाभोवती फिरायला जायची, एवढंच. तिथे एक क्लब होता. क्लब म्हणजे एक टिनाचं शेड, दोन जाळ्या, काथ्याची एक मॅट आणि एक सर. सर जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तिथल्या टीममध्ये त्यांनी बरीच वर्षं बॉलिंग केली होती. त्यांना स्कोअर लिहायला कोणीतरी हवं होतं, कारण पोरं लिहायला बसली की दोस्ताच्या नावावर दोन रन आपोआप चढायचे. मी मास्तरीण, म्हणजे खोटं लिहिणार नाही, असा त्यांचा समज झाला. मी तो दुरुस्त केला नाही.

पहिल्या मॅचला मला काय येत होतं? पंचानं एक गुडघा वर उचलला आणि त्यावर थापट्या मारायला लागला. मला वाटलं मुंग्या चढल्या. तो माझ्याकडे पाहून थापट्या मारतोय, मारतोय, थांबत नाही. शेवटी मला त्याची दया आली आणि मी इथून हात वर केला. तो समाधानानं वळून गेला. नंतर कळलं, पायाला लागून निघालेल्या रनची ती खूण असते आणि स्कोअररनं नेमका तसाच हात वर करायचा असतो. रन मात्र मी लिहिलाच नव्हता.

पण महिना-दोन महिन्यांत हात बसला. माझं पुस्तक स्वच्छ असायचं. चेंडू पडला की टिंब, रन निघाला की आकडा, ओव्हर संपली की बेरीज. बदली नाही, पट नाही, साहेब नाही. जे झालं तेवढंच लिहायचं. एवढ्या सुखाची नोकरी मला नोकरीत असताना मिळाली नव्हती.

सरांचं शिकवणं सगळं थोर खेळाडूंवरून चालायचं. तरुणपणी त्यांना एकदा नागपूरला नेटमध्ये बॉलिंग करायला नेलं होतं आणि तिथे एका फार मोठ्या फलंदाजाला त्यांनी चाळीस मिनिटं बॉल टाकले होते. त्यातला एक त्याच्या बॅटला चुकवून गेला. तो फलंदाज कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नाव सांगितलं तर त्या माणसाची बेइज्जती आणि आपण खोटे पडणार, असं त्यांचं म्हणणं. मग पोरांना रोज एक सवय शिकवायची. मोठा खेळाडू खेळून आल्यावर पॅड स्वतःच सोडते. मोठा खेळाडू बूट पुसल्याशिवाय घरात शिरत नाही. मोठा खेळाडू ताटात टाकत नाही. मला कितीदा वाटायचं, यातल्या निम्म्या सवयी त्या थोरांच्या नसून सरांच्या आईनं सांगितलेल्या असाव्यात.

एक गोष्ट मात्र त्यांची स्वतःची होती. बॉलचा टप्पा जिथे पडायला हवा तिथे मॅटवर ते पळसाचं हिरवं पान ओलं करून चिकटवायचे. ज्याचं पान फाटलं त्याची बॉलिंग झाली. बहुतेकांची पानं तासाभरानंतरही अशी अखंड असायची, की धुऊन त्यावर जेवता आलं असतं.

एका पोरीच्या पानाच्या अर्ध्या तासात चिंध्या व्हायच्या. ती नववीत असताना क्लबात आली होती. ऑफस्पिन टाकायची. गावाहून सायकलीनं रस्त्यापर्यंत आणि पुढे एसटीनं, दर रविवारी. रोवणीच्या दिवसांत यायची नाही आणि नंतर यायची तेव्हा बोटं चिखलपाण्यानं पांढरी पडलेली असायची. तरी बॉल तसाच वळायचा. बोलणं कमी. मला ती ‘बाई’ म्हणायची, पण माझं वय आणि ऐट पाहून सगळेच मला बाई म्हणत, तेव्हा त्यात काही खास आहे असं मला वाटलं नाही. मीही तिला ओळखलं नाही. पहिलीतलं शेंबडं पोर आठ वर्षांनी हातभर उंच होऊन आलं तर कोण ओळखणार. नावही तसंच, त्या गावांत दर चार घरांत सापडणारं.

दहावीच्या वर्षी तिच्या आईनं खेळ बंद ठेवला. सर घरी जाऊन आले. आई म्हणाली, पास होऊ द्या. पोरगी पास झाली, अकरावीत भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि परत मैदानावर आली. आता पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या निवडीसाठी तिच्याकडे हे एकच वर्ष उरलं होतं. आईची अट सर्वांना ठाऊक होती. या वर्षी कुठे नाव लागलं तर ठीक, नाही तर रविवार घरचा.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे एक खराखुरा थोर खेळाडू आला. भंडाऱ्यात कोणाच्यातरी लग्नाला आला होता आणि लग्नघरच्यांची क्लबात ओळख होती, म्हणून सकाळचा एक तास आम्हाला मिळाला. जुना स्पिनर. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा पुष्कळ बुटका. सरांनी आदल्या दिवशी मॅट झाडून, धुऊन, वाळवून ठेवली होती. दिवसभर बोलणारा तो माणूस त्या तासात मुका झाला. मी तर्री-पोहे केले होते आणि पाहुण्याला तिखट लागेल म्हणून तर्री वेगळी ठेवली होती. त्यानं ती मागून घेतली आणि दोनदा पोहे खाल्ले. थोरपणाचा मला कळलेला पुरावा तेवढाच.

अर्धा तास तो जाळीमागे नुसता उभा होता. मग त्या पोरीपाशी गेला. तिचा उजवा हात उलटा करून पहिल्या बोटावरचा घट्टा पाहिला. पळसाच्या पानाची चिंधी उचलून पाहिली. कोणी शिकवलं विचारलं, तिनं सरांकडे बोट दाखवलं. सरांनी मान खाली घातली. तो सरांना म्हणाला, “हिला आता काही शिकवू नका. आहे ते बिघडू देऊ नका.” मग म्हणाला, यंदाच्या निवडीला हिला पाठवा, मी नागपूरला बोलून ठेवतो.

त्या दिवशी पोरीची आईही आली होती. तारेच्या कुंपणापाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मी पुस्तकाआडून प्रमुख पाहुण्यासारखी मान लववली. मला वाटलं खेड्यातल्या लोकांना स्कोअररबद्दल आदर असतो.

जाताना पाहुण्यानं माझं पुस्तकही चाळलं. लहान क्लबांच्या पुस्तकांत संध्याकाळपर्यंत रन वाढलेले असतात, तुमच्यात नाहीत, असं काहीसं म्हणाला. एका थोर माणसानं मला प्रामाणिक म्हटलं, हे मी त्या आठवड्यात भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

निवडीचा फॉर्म भरायला चारच दिवस होते. फॉर्म अर्थातच मी भरायचा. शेडमध्ये टेबल ओढलं, पोरीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दिले आणि सर बाजूला उभे राहून वाचायला लागले. नाव झालं, आईचं नाव झालं, पत्ता झाला. मग शाळा सोडल्याचा दाखला. प्राथमिक शाळेचं नाव मी लिहायला घेतलं आणि अर्ध्यात पेन थांबला. गाव ते. पहिलीत दाखल झाल्याचं वर्ष ते. खाली जन्मतारीख, एक जुलै.

खेळातलं वय सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मोजतात. सरांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, मग दहावीचं सर्टिफिकेट काढून पाहिलं. त्यावरही तीच. त्या तारखेनं पोरगी दोन महिन्यांनी मोठी ठरत होती. पोरगी म्हणाली, मी कार्तिकातली आहे. कागदावरही कार्तिकातली असती तर बसली असती. तिनं हे दोनदा म्हटलं, हळूच, जणू सरांना ऐकू आलं नसावं.

सर माझ्यासमोर टेबलावर हात टेकून म्हणाले, “कोन्या गाढवानं लिवली असंन हे तारीख. पोराची जिंदगी आहे का मस्करी.”

आणि मी काय केलं, तर मीही त्या गाढवाला नावं ठेवली. माझे शब्द मला नीट आठवतात. “अशा लोकांले नोकरीवर ठेवतेच कायले,” असं मी म्हटलं. चष्मा काढून पुसलासुद्धा, रागानं. पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी फॉर्म घडी करून पिशवीत परत घातला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शिक्षण विभागाच्या कचेरीत गेले. एका ओळखीच्या बाईची अडचण आहे म्हणून सांगितलं. तिथल्या माणसानं पान चघळत ऐकून घेतलं. दहावीच्या आधी आले असते तर काही करता आलं असतं, म्हणाला, आता बोर्डाच्या कागदावर चढलं, वर्ष-दीड वर्ष फिरावं लागेल, तेही झालं तर. चार दिवसांत? तो हसला. आता लिहायला हरकत नाही, मला तेव्हा हायसं वाटलं. माझ्या बोलण्यानं काही बदलणार नाही, तर बोलायचं कशाला, असा सोयीचा हिशेब मी जिन्यावरच मांडला आणि खाली उतरून उसाचा रस पिऊन घरी आले.

तारीख गेली. निवड झाली. पुढचा गट एकोणीस वर्षांखालचा, तिथे हिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या मुली, त्यांच्यात जागा मिळायची म्हणजे आणखी काही वर्षं दर रविवार हवा. आणि आईची अट तर सर्वांना ठाऊक. सर दर रविवारी एसटीच्या वेळेला रस्त्याकडे पाहत उभे राहायचे. आज येत नाही, असं धरून चालायचे. पोरगी उतरायची, बूट बांधायची, पानाच्या चिंध्या करायची आणि जायची. सरांना नवल वाटायचं. काहून येऊन राहिली, आईनं सोडली कशी, विचारलं तर ती खांदे उडवायची.

मी दोनदा प्रयत्न केला. एकदा घरून कोथिंबिरीची सांबारवडी करून नेली, दोघींनी बसून खाल्ली, मग सांगायचं असं ठरवून. तिनं खाल्ली, हात पुसले, तिखट जास्त झालं म्हणाली. मी म्हटलं, हो का. संपलं. दुसऱ्यांदा मी तिला विचारलं, तुझ्या गावच्या शाळेपुढे कडुनिंब होता, आहे का अजून. ती म्हणाली, आहे. मग माझ्याकडे पाहत थांबली, चांगली थांबली, दोन बॉल टाकून झाले असते एवढी. मी म्हटलं, सावली चांगली होती त्याची. तीस वर्षं ज्या बाईनं पोरांना खरं बोलायला शिकवलं, ती एका झाडाच्या सावलीचं कौतुक करून घरी गेली.

मग जवाहरनगरच्या टीमबरोबर आमची मॅच होती. त्यांचे खेळाडू फॅक्टरीच्या बसनं आले, एकसारखे पांढरे कपडे घालून. सर सकाळीच माझ्यापाशी येऊन बसले. आईचा निरोप आला होता म्हणाले, आता फार झालं, धान बांधून आणायचं आहे, पोरीला घरी पाहिजे. हा तिचा शेवटचा रविवार असेल. असं म्हणून ते टॉसला निघून गेले.

मी पुस्तकात दोन्ही टीमची नावं लिहिली. तिचं नाव लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं. ती शेडच्या पायरीवर बूट बांधत होती. मी उठून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, कारण बसले असते तर पुन्हा कडुनिंबापाशी गेले असते. तारीख मी लिहिली, म्हटलं. तुझ्या आईनं कार्ड दाखवलं होतं, ते मी उघडलं नाही. माझी बदली होऊ नये म्हणून मला एक पोर कमी पडत होतं, ते तू होतीस. सरांपुढे त्या दिवशी मी शिव्या दिल्या त्या मलाच होत्या, पण ते तुम्हाला कळू दिलं नाही. कचेरीत जाऊन आले, तिथे काही होत नाही. एवढं सगळं एका दमात. माफीचा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला होता आणि शेवटापर्यंत पोचले तेव्हा दम उरला नव्हता, तेव्हा तो राहूनच गेला.

पोरगी रडली नाही. उठलीही नाही. दुसऱ्या बुटाची नाडी तिनं ओढून बांधली, गाठ पक्की झाली का ते पाहिलं. मैदानावरून सर ओरडले, आपली बॉलिंग पहिली. पुढे त्या गावाच्या मी किती चकरा मारल्या, तिच्या आईनं मला ओसरीवर किती वेळ बिनपाण्याची बसवून ठेवली, धानाचे भारे मोजत मोजत कितीदा माझ्याकडे न पाहताच घरात गेली, ते सगळं इथे लिहीत नाही. आईची समजूत काढायचं ते काम त्या पायरीवरच माझ्या गळ्यात पडलं. पोरगी उभी राहिली, बॉल पँटवर घासला आणि मला म्हणाली:

“माहीत होतं मले, बाई. आईनं तुमाले इथं पाह्यलं तवाच वळखलं होतं. फॉर्म अटकला त्या दिवशी थे म्हणे, आता जाऊ नको. मी म्हटलं, बाई सोताहून सांगत नाही तोवर जातो, पाहू किती रविवार लावते. पाच लावले तुमी. अजून लावले असते त चाललं असतं. आता पुढच्या रविवारी घरी काय सांगू, थे तुमीच सांगा.”